सासू हरवल्याची तक्रार

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या आहेत, पण ही एक अजून लख्ख आठवते. मी तेव्हा पेण पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. मोबाईल आलेले नव्हते. गणपती जवळ आल्याने मूर्तींच्या कारखान्यांत रंगकामाची घाई होती आणि आमच्याकडे बंदोबस्ताची.

त्या सकाळी खाडीकाठच्या खारेपाटातल्या एका गावातून पस्तिशीची एक बाई ठाण्यात आली. तिच्या नखांत मूर्तींचा रंग होता. नवरा वारल्यापासून ती सासूला सांभाळून राहत होती आणि कारखान्यात रंगकामाला जात होती.

"सासूबाई घरात नाय, साहेब. उठले तर अंथरूण गुंडाललेलं," ती म्हणाली.

ठाणे अंमलदाराने वर्णन घेऊन मिसिंग दाखल केली. मी आसपासच्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवला आणि हवालदाराला गावात धाडलं.

दुपारी म्हातारीचा धाकटा मुलगा ठाणे शहरातून येऊन पोचला. त्याने सरळ भावजयीवरच संशय घेतला. शेत त्याच्या नावावर होतं, पण राहतं घर, जे तो विकायचं म्हणत होता, आईच्या नावावर होतं. "घर लिहून घ्यायला हिनेच आईला कुठेतरी ठेवलंय," तो म्हणाला. हवालदारही बातमी घेऊन आला, की आदल्या संध्याकाळी सासूसुनेचं मोठं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलं होतं.

मी सुनेला विचारलं, "भांडण कशावरून झालं?"

"घरातलंच होतं."

"घरावरून?"

"नाय."

माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. ही फार कमी बोलत होती. तरी काहीतरी लपवत होती, हे स्पष्ट दिसत होतं. तिला दरडावण्यात अर्थ नव्हता. मी आमच्या महिला शिपायाला चहा घेऊन आत पाठवलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसलो.

तेवढ्यात जवळच्या गडब गावाहून खबर आली. नाक्यावरच्या एका दुकानदाराला आमच्या शिपायाने वर्णन सांगितलं होतं. सकाळी तशाच एका म्हातारीने त्याला रोह्याची गाडी कुठे थांबते ते विचारलं होतं. ती एकटी होती. हातात गाठोडं होतं, आणि घाबरलेली मुळीच वाटत नव्हती.

महिला शिपाई बाहेर आली ती डोळे पुसतच. "साहेब, तिला लग्नाची मागणी आलीय. नागोठण्याचा माणूस आहे, कंपनीत आहे, बायको वारलेली. सासू म्हणत होती, हो म्हण. ही म्हणत होती, मग तुमचं कोण करील? त्याच्यावरून भांडण. दिराला कळलं तर काय म्हणेल, म्हणून गप्प बसली होती."

मग सगळा उलगडा झाला. म्हातारी हरवलीच नव्हती. सुनेच्या वाटेतून ती आपणहून बाजूला झाली होती. रोह्यात ओळखीचं कोण, असं विचारताच सून म्हणाली, "रोह्याला लागून अष्टमी गाव हाय ना, तिथं त्यांची मैतरीण हाय. दोघी मिठागरावर एकत्र होत्या."

जीपमध्ये मुलगा पुढे बसला, सून मागे.

अष्टमीत घर सापडायला वेळ लागला नाही. मैत्रिणीच्या पडवीत म्हातारी वाल सोलत बसली होती. सून धावत जाऊन तिच्या पायाशी बसली. "असं कोणी जातं का, आई?"

"तू ऐकस नाय, मंग मी काय करू, गो?" म्हातारी म्हणाली. "माज्यापायी तुजा जन्म कशाला फुकट घालवू?"

मुलगा खांबाला टेकून उभा होता. "आई, मी घर विकायचं म्हणत होतो ते तुला माझ्याकडे न्यायलाच," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आई कशी राहील, हे मात्र त्याच्या मनात आलं नव्हतं.

मी जबाब लिहून घ्यायला बसलो आणि सहज विचारलं, "आजी, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"ह्ये मला कुनी इचारलंच नव्हतं," ती म्हणाली.

मग ती बोलत गेली. हातपाय चालतायत तोवर आपल्याच घरात राहायचं. रात्रीच्या सोबतीला तिची शेजारी राहणारी विधवा नणंद यायला तयार होती. हातपाय थकले की सुनेकडे, नागोठण्याला. मुलाकडे ठाण्याला नको, तिथे दार उघडलं की भिंत. औषधपाणी मुलाने बघायचं. शेत त्याचंच, पण घर आपल्यामागे सुनेला. तिने सगळं कधीच ठरवून ठेवलं होतं, फक्त कोणी विचारायचा अवकाश होता.

"चालेल तुला?" तिने मुलाला विचारलं.

तो भावजयीकडे वळला. "वहिनी, मी नको ते बोललो," एवढंच म्हणाला. आईला त्याने मान हलवून होकार दिला.

म्हातारी आपल्या मर्जीने आल्याचा जबाब घेऊन मी मिसिंगचा तपास बंद केला. मृत्युपत्र हे पोलिसांचं काम नव्हे. पेणच्या एका वकिलाकडे जा, डॉक्टरांचा दाखला जोडा, घरात हिस्सा नसलेले दोन साक्षीदार घ्या, इतकं सांगितलं. त्यांनी ते केलं. पुढे लग्न झालं, तेव्हा दीर मुलीकडचा म्हणून उभा राहिला. मला बोलावणं आलं होतं. बंदोबस्तामुळे जाता आलं नाही, पण लाडवांचा डबा मात्र पोलीस ठाण्यात पोचला. म्हातारी पुढे नागोठण्याला सुनेच्या घरीच गेली, हे मला तिच्या मुलाने मुद्दाम येऊन सांगितलं.

त्या कुटुंबाचे माझ्यावर उपकार आहेत. म्हातारी सापडली त्याच आठवड्यात गावच्या घरी गेलो तेव्हा मी माझ्या आईसमोर बसलो. वडील गेल्यावर ती गावी एकटी होती, आणि तिला आमच्याकडे आणायचं हे मी आणि बायकोने ठरवूनच टाकलं होतं. तरी मी विचारलं, "आई, तुला कसं राहायचंय?"

"तुमच्यातच राहीन," ती म्हणाली, "पण मला माझी शेगडी वेगळी दे. सकाळचा चहा मला माझ्या हातचा लागतो."

आम्ही ती दिली. सरकारी क्वार्टरच्या मागच्या पडवीत आई शेवटपर्यंत स्वतःचा चहा करून घेत राहिली, आणि बऱ्याचदा एक कप माझ्यासाठीही ठेवत असे.