मंडपाचा प्रश्न

सुनंदा परबबद्दल लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. आधी वेळ नव्हता. निवृत्तीनंतर तेही कारण उरलं नाही.

परळच्या एका खाजगी रुग्णवाहिका सेवेत मी पर्यवेक्षक होतो. सुनंदा लालबागची, फोन घेण्याच्या कामावर कंत्राटी, अगदी नवी. गणपतीचे दिवस होते. ती प्रत्येकाला विचारू लागली, "मंडप गल्लीच्या कुठल्या तोंडाला घातलाय? गाडी मागून येईल का?" आमच्या छापील प्रश्नावलीत मंडप नव्हता. ती बाहेरगावच्या तज्ज्ञांनी केलेली. तिच्यात पेशंटचा ईमेल होता.

"परब, कागदावर आहे तेवढंच विचार."

"साहेब, कागद लालबागला राहत नाही ना."

दीड मिनिटात फोन संपलाच पाहिजे, हा माझा नियम. घाबरलेल्या म्हातारीला ती म्हणायची, "आज्ये, भिया नको. दार उघडां ठेव." मी शेरा मारायचो, 'अनावश्यक संभाषण'. माझ्या पाळीचे फोन सर्वांत आखूड म्हणून मला शाल-श्रीफळ मिळालं होतं. शाल नकली होती, माझा अभिमान अस्सल.

एका दुपारी लालबागमधून एका बाईंचा फोन आला. नवऱ्याच्या छातीत दुखत होतं. पत्ता लिहून झाला, दीड मिनिट भरलं. सुनंदा म्हणाली, "ताई, मंडप..." आणि मी मागून हात घालून कॉल तोडला.

"गाडी निघाली ना? पुढचा घे."

तिने लगेच उलट फोन लावला. बाई नातेवाइकांना कळवत होत्या, लाइन लागेना. गाडी मंडपासमोर अडकली, वळसा घालून पोचली तोवर माणूस गेला होता.

चौकशीत मी लिहिलं, 'ऑपरेटरने मार्गातील अडथळ्याची माहिती घेतली नाही.' वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. सुनंदाचं कंत्राट संपवलं. पुढच्या महिन्यात मंडपाचा प्रश्न कागदावर आला, सूचना करणाऱ्याचं नाव माझं.

जाताना ती एवढंच म्हणाली, "कॉल कोणी तोडला, ते मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही हां, साहेब."

तिला कोणी विचारलंच नाही. मी तशी तजवीज केली होती.

गेल्या महिन्यात मी तिच्या चाळीत गेलो. माफीचं वाक्य घरून पाठ केलेलं. तिसऱ्या माळ्यावर पोचेपर्यंत धाप लागली. दार तिनेच उघडलं, ओळखलं, खुर्ची पुढे ओढली.

"बसा आधी. छातीत दुखतंय? डावा हात जड वाटतो? घाम?"

"नाही."

तिने पाणी दिलं. माझा श्वास जागेवर येईपर्यंत समोर उभी राहिली.

"आता बोला साहेब, सावकाश. काय काम काढलंत?"

"काही नाही," मी म्हणालो. "इकडे आलो होतो, म्हटलं डोकावून जावं."