शेटनी कापलेलं आभाळ

"थांबा, शेट. कापू नका. सगळं कापड लागणार आहे," मॅडम म्हणाल्या.

शेटनी कात्री हातात घेतली होती. "मॅडम, आमी जन्मभर ट्रक झाकून राहिलो. ह्यो तर एक घुमट."

वारंगा फाट्यावर शेटचं ताडपत्री शिवायचं दुकान आहे. मी तिथं मशीनवर बसते. मॅडम कळमनुरीकडच्या एका शाळेत गणित शिकवतात. त्यांना शाळेच्या मैदानात घुमट उभा करायचा होता. मुलांनी आत अंधारात बसायचं आणि वर प्रोजेक्टरनं तारे दाखवायचे. पाईपचा सांगाडा वेल्डरनं करून दिला होता. कापड बाहेरून काळं, आतून पांढरं. ते लांबून मागवलेलं, एकच रोल. चुकलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

घुमट म्हणजे अर्धा चेंडू असता तर कापड किती लागेल ते काढायला शाळेच्या पुस्तकातलं सूत्र चाललं असतं. पण हा लांबट आणि बसका होता, अर्धं अंडं आडवं ठेवावं तसा. म्हणून मॅडमनी इंटिग्रेशन केलं. ते काय असतं, हे त्यांनी माझ्याजवळ स्टुलावर बसून सांगितलं. घुमटावर मच्छरदाणीची जाळी आडवी धरली आणि वरून उजेड पाडला असं समजायचं. माथ्यावर जाळीच्या घराची सावली घराएवढीच पडते. कडेला उतार असतो, तिथं ती ताणून मोठी होते. उतार लांबीकडं वेगळा, रुंदीकडं वेगळा. दोन्ही धरून एकेक तुकडा किती वाढला ते काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर बरोबर. कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला हे समजेल.

शेटना समजून घ्यायचंच नव्हतं. ते जमिनीवरची जागा मोजतात, वर थोडं वाढवतात, झाला हिशोब. हळदीच्या ढिगावर ते खपतं. एक ताडपत्री कमी पडली तर दुसरी टाकतात. शिवाय आमच्या धंद्यात उरलेलं कापड दुकानाचं, अशी रीत आहे. शिवून झाल्यावर जे उरेल ते, असा तिचा अर्थ. शेट मात्र आपलं उरलेलं आधीच कापून घेतात.

"एवढं उरून राहिलं," म्हणत त्यांनी कात्री चालवली.

"काहून कापलं? सांगितलं होतं ना मी?"

"तुमचं गणित शाळेत बराबर, मॅडम. कापडाचं कात्रीलाच कळतं."

त्या कापडाचं त्यांनी जावयाच्या नव्या जीपसाठी कव्हर करायला लावलं. मीच शिवलं. दोरी ओवायला कडेनं पितळी रिंगा ठोकल्या.

मग घुमटाचं काम घेतलं. असं कापड संत्र्याच्या फोडींसारखं कापतात. आम्ही त्यांना पाकळ्या म्हणतो. शेवटच्या दोन पाकळ्यांना कापडच उरलं नाही. मी शेटना सांगितलं. "ताणून बसंल," ते म्हणाले.

बसलं नाही. मैदानात सांगाड्यावर कापड चढवलं, तर एका अंगाला बैल आत जाईल एवढं भगदाड. भोवती सगळी शाळा उभी. शेट घुमटाला फेरी मारून आले.

"उन्हानं पाईप वाढला," ते म्हणाले.

इतका सोयीचा पाईप मी कधी पाहिला नव्हता.

"पाईप तेवढाच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कापलं तेवढंच कमी पडलंय."

"निळी ताडपत्री जोडून देतो की."

"त्यातून उजेड येतो. तारे दिसणार नाहीत. माझी लेकरं काय बघतील?"

तेवढ्यात मॅडमची नजर फाटकाकडं गेली. जावई कौतुकानं तमाशा बघायला आले होते आणि जीप नव्या कव्हरात झाकून उभी होती. बाहेरून काळी, आतून पांढरी.

पोरं आधी हसली. मग मास्तर हसले. जावयानं स्वतःच दोऱ्या सोडल्या. "मामा, द्या वो. जीपला काय तारे बघायचेत?"

मी तिथंच झाडाखाली मशीन मांडून कव्हर उसवलं आणि दोन पाकळ्या जोडल्या. घुमट अंगाबरोबर बसला. रिंगांची भोकं मात्र तशीच राहिली.

आत अंधार झाला. तारे उमटले. खाली एका ओळीत काही तारे जास्तच लखलखत होते.

"मॅडम, ही वळ कशाची?" एका पोरीनं विचारलं.

"ती आपल्या शेटची."

शेट त्या ओळीकडं पाठ करून बसले.

उरलेलं किती, ते शिवून झाल्यावरच कळतं. या वेळी रुमालाएवढं उरलं. मॅडमनी त्याची नीट घडी घातली आणि शेटच्या हातात दिली. रीतच आहे तशी.