तीनदा धुतलेली बाटली

घासूमामा पाण्याच्या टाक्या धुतात. गल्लीतल्या आठ इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्या गेली बावीस वर्षं त्यांच्याच हाती आहेत. मामा टाकीत उतरले की दोन तास नुसती ब्रशची खरखर ऐकू येते. बाहेर आले की झाकण धुणार, झाकणावरचा दगड धुणार, आणि कुणी हाताला धरून थांबवलं नाही तर शिडीसुद्धा धुणार. मामी सांगतात, "लेक झाली तेव्हा यांनी आधी पाळणा पुसून घेतला, मग लेकीचं तोंड पाहिलं." घासू हे नाव काही उगीच पडलेलं नाही.

आणि आळ यावा तो अशा माणसावर! चार नंबरच्या इमारतीच्या सेक्रेटरींची नात आठवडाभर पोटदुखीने बेजार होती. बाकीच्या एकोणीस घरांत सगळे ठणठणीत. पण सेक्रेटरींनी जिन्यात चारचौघांदेखत मामांना गाठलं आणि म्हणाले, "टाकी धुता की वरून नुसता हात फिरवता?"

आता गंमत अशी, की सेक्रेटरी स्वतः टाकीचं पाणी तसं पीतच नसत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, निळा दिवा लागणारं. घरी येईल त्याला ते आधी त्या दिव्यासमोर उभं करत आणि मग बसायला सांगत. मग नात आजारी कशी पडली, असं कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर तयार असे, "इतकी घाण पाठवल्यावर यंत्र बिचारं काय करणार?"

"रविवारी सभा आहे," त्यांनी मामांना बजावलं. "तोवर सरकारी प्रयोगशाळेचा कागद आणा. नाहीतर पुन्हा गच्चीची पायरी चढायची नाही."

मामा हिशेब करत जिना उतरले. एका इमारतीने काढलं की बाकीच्या सात इमारतींना काढायला कितीसा वेळ लागतो?

सोमवारी सकाळी मामा सरबताच्या रिकाम्या बाटलीत टाकीचं पाणी घेऊन प्रयोगशाळेत हजर झाले. लांबलचक बोळ, फिनेलचा वास, आणि बोळाच्या टोकाला एक खिडकी. पाण्याचे नमुने सोमवार ते बुधवार, सकाळी अकरापर्यंत, अशी पाटी. मामांना जागा एकदम पसंत पडली. फरशी पुसलेली होती. खिडकीची काच मात्र कोपऱ्यात जरा मळकी होती, ती त्यांनी रांगेत उभ्या उभ्या खांद्यावरच्या फडक्याने पुसून टाकली.

काचेपलीकडे पांढरा कोट घातलेल्या बाई होत्या. त्यांनी सरबताची बाटली हातातसुद्धा घेतली नाही.

"ही चालत नाही, काका. बाटली आमचीच लागते. ही घ्या, निर्जंतुक केलेली आहे. भरायच्या वेळीच उघडायची. आत बोट घालायचं नाही. धुवायची नाही. बर्फात ठेवून अकराच्या आत आणायची. पुढचे या!"

घरी येऊन मामांनी बाटली उजेडात धरली आणि त्यांचा चेहराच पडला. काचेची सुरेख बाटली, बुचावर कागद, कागदावर दोरा, सगळं झकास. पण तळाशी? तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी! बाईंना दिसली नसेल, बिचाऱ्या किती बाटल्या बघणार, असं म्हणून मामांनी दोरा सोडला. साबणाने एकदा, गरम पाण्याने एकदा, आणि मनाचं समाधान म्हणून आणखी एकदा.

मंगळवारी बाईंनी भरून आणलेली बाटली तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली.

"बाटलीला साबणाचा वास येतोय. यातली भुकटी कुठे गेली?"

"काढली!" मामांनी छाती पुढे काढली. "तीनदा धुतली. तुमच्या माणसांना जरा सांगा हो, बाटल्या नीट विसळत नाहीत."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा परत घातला. "अहो काका, ती आम्ही मुद्दाम घालतो! पाण्यात जंतू मारायचं औषध असतं ना, त्याचा जोर भुकटीने मोडतो. भुकटी नसली तर इथे येईपर्यंत औषध आपलं काम करत राहतं, आणि घाण पाणीसुद्धा कागदावर चांगलं निघतं."

"मग निघू दे की चांगलं!" मामा बोलून गेले.

"काका!"

मामा ओशाळले. खोटा कागद त्यांना तरी कुठे हवा होता? टाकी आपण आरशासारखी धुतलीय, हे त्यांना कुणीतरी खरोखर तपासून सांगायला हवं होतं. बावीस वर्षांत तसं कुणी सांगितलं नव्हतं.

"उद्या शेवटचा दिवस," बाईंचा आवाज जरा मऊ झाला. "उद्या दिलंत तर शनिवारी कागद मिळेल. आणि या दोन बाटल्या घ्या. एक जास्तीची. तुमचा काही भरवसा नाही."

त्या संध्याकाळी मामींनी दोन्ही बाटल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मामा जेवताना दोनदा कपाटाकडे बघून उसासले, पण मामी बधल्या नाहीत.

बुधवारी मामांनी गच्चीवर टाकीच्या नळाला, तोंडावरचे जंतू मरावेत म्हणून, आधी ज्योत दाखवली, पाणी वाहू दिलं, श्वास रोखून बाटली भरली आणि बूच लावलं. भुकटी पाण्यात विरघळताना बघून त्यांना कसंसंच झालं. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून ते जिना उतरत होते, तोच सेक्रेटरींचं दार किलकिलं झालं. दारात वहिनी, म्हणजे सेक्रेटरींची बायको.

"मामा, ती हातातली दुसरी बाटली रिकामीच आहे का हो?"

"आहे. पण धुवायची नाही बरं का, वहिनी!"

"आमच्या यंत्रातलं पाणी तपासायला न्या त्यात. बसवल्यापासून त्याच्या आतलं काहीसुद्धा यांनी बदललेलं नाही. विचारलं की म्हणतात, दिवा लागतोय ना, मग झालं!" वहिनींनी जिन्यात वरखाली बघितलं. "आणि मी सांगितलं असं कुणाला बोलू नका."

"माझ्या तोंडून नाही निघायचं," मामांनी शब्द दिला.

शनिवारी दोन कागद मिळाले. टाकीचं पाणी पिण्यास योग्य! मामांनी ती ओळ बोळात उभं राहून चार वेळा वाचली, आणि काचेपलीकडच्या बाई पुसट दिसायला लागल्या, तेव्हा कळलं की डोळे पुसायला हवेत. मग त्यांनी दुसरा कागद वाचला आणि तो घडी घालून खिशात ठेवला.

रविवारच्या सभेत मामांनी पहिला कागद मोठ्याने वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा खाली बसणार, तोच सेक्रेटरींची नजर त्यांच्या खिशावर पडली.

"तो दुसरा कागद कसला?"

"काही नाही, साहेब. जास्तीचा आहे."

"जास्तीचा? शिक्का तर प्रयोगशाळेचाच दिसतोय! दाखवा इकडे!" मामा नको नको म्हणेपर्यंत साहेबांनी कागद ओढून घेतलासुद्धा. चष्मा चढवला आणि आवाजही चढवला. "ऐका! पिण्यास अयोग्य! जंतू आढळले! बघितलंत? चांगला कागद पुढे आणि खरा कागद खिशात! हे पाणी कुणी तोंडाला लावेल का? ज्याच्या हयगयीमुळे लेकरं आजारी पडतात, त्याला लाज वाटायला हवी!"

मामा खाली मान घालून उभे. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. पण शब्द दिला होता.

"अहो," मागच्या खुर्चीवरून वहिनी म्हणाल्या, "नमुना कुठून घेतला तेही लिहिलेलं असतं. वाचा ना."

"वाचतो की! मला काय भीती आहे? नमुना घेतल्याचं ठिकाण... चौथी इमारत... दुसरा मजला... स्वयंपाकघरातलं..." पुढचा शब्द साहेबांनी मनातल्या मनातच वाचला.

"पाणी मीच दिलं होतं," वहिनी उठून म्हणाल्या. "पोरगी आठवडाभर तडफडली, आणि तुम्ही या माणसाला चोर ठरवलंत."

साहेबांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग मामांसमोर येऊन उभे राहिले. "मामा, चुकलो," एवढंच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गच्चीवर जायला निघाले, तर दुसऱ्या मजल्यावर नात दारात उभी. रंग अजून फिका होता, पण पायावर उभी होती. तिने शाळेची पाण्याची बाटली पुढे केली.

"आजोबा म्हणाले, ही मामांकडूनच धुऊन आण. आणि थेट टाकीच्या नळाचं पाणी भर."

मामांनी बाटली उजेडात धरून तळ बघितला. मग खांद्यावरचं फडकं काढलं, गच्चीवर जाऊन नळापाशी बसले आणि बाटली तीनदा धुतली.