बावीस इंची

काकांना सायकल थांबवायला खांब लागायचा. खांब नसेल तर झाड, झाड नसेल तर कुणाची तरी पत्रपेटी, आणि काहीच नसेल तर माझा खांदा. ब्रेक उत्तम होते. पण सायकल प्रचंड उंच आणि काका जेमतेम सव्वापाच फूट, त्यामुळे थांबल्यावर त्यांचे पाय जमिनीला टेकायचेच नाहीत. आणि हे गृहस्थ नोकरी कसली करत होते, तर गाड्यांचे ब्रेक तपासण्याची!

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय शहरातल्या ज्या कंपनीत आम्ही दोघं होतो, ती गाड्यांचे सुटे भाग बनवायची. काका मूळचे सांगलीचे. वयाने काही फार मोठे नव्हते, पण काकू आम्हा व्हिसावरच्या सड्याफटिंग पोरांना दर रविवारी आग्रहाने जेवायला घालायच्या. त्या काकू झाल्यावर त्यांचे यजमान आपोआप काका झाले.

अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यात काकांची गाडी भर रस्त्यात बर्फावरून घसरली आणि गर्रकन फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण त्यानंतर त्यांनी भीतीने स्टिअरिंगला हातच लावला नाही. ट्रॉयमध्ये गाडी न चालवणारा माणूस म्हणजे घरात कोंडलेला माणूस. मी त्यांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचो, म्हणून त्यांची ने-आण मी करायला लागलो. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं, काकांना मात्र फार वाटायचं. शेजारच्या सीटवर बसून ते उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायचे. एकदा जेवताना काकूंना म्हणाले, "रोज उठून याच्या दारात उभं राहायचं, दूध आणायचं तरी यालाच विचारायचं. हे काय जगणं आहे? त्यापेक्षा परत गेलेलं बरं." मला वाटलं रागाने बोलतायत. पण काकूंनी पलंगाखालच्या बॅगा बाहेर काढून पुसून ठेवल्याचं मला नंतर कळलं.

त्याच वसंतात कंपनीने कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी एक योजना काढली. कॅटलॉगमधून सायकल निवडा, कंपनी मागवून देईल, पैसे पगारातून थोडेथोडे कापले जातील. गाड्यांवर पोट असलेल्या कंपनीत सायकल! सगळं ऑफिस हसलं. काकांनी दुपारच्या आत नाव दिलं, तेही माउंटन बाइकसाठी.

"काका, मिशिगनमध्ये डोंगर कुठे आहेत?" मी विचारलं.

"डोंगर कुणाला हवाय? टायर बघ किती जाड आहेत. रस्ता सोडणार नाहीत."

साइजपुढे त्यांनी ठोकून दिलं, बावीस. कॉलेजपासून ते बावीस इंची सायकल चालवत आले होते आणि बावीस म्हणजे बेताच्या माणसाची सायकल हे सांगलीत लहान पोरालाही ठाऊक. पण माउंटन बाइकचं गणित वेगळं असतं. तिथे बावीस म्हणजे बास्केटबॉल खेळणाऱ्यांची. सायकल आली तेव्हा तिचं सीट पार खाली करूनही काकांच्या कमरेच्या वर आलं.

एचआरमधली बाई लगेच म्हणाली, बदलून देऊ. पण तोवर पार्किंग लॉटमध्ये काकूंनी हँडलला हार घातला होता, दांडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं आणि काकांनी फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला होता. आवाज ऐकून सिक्युरिटीवाला धावत आला, त्याला काकूंनी खोबरं दिलं. काका एचआरच्या बाईला म्हणाले, "नो नो, परफेक्ट फिट!" आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पूजा झालेलं वाहन परत करतात का रे कधी?"

मग ते चालवायला शिकले. एक पाय पॅडलवर ठेवून, दुसऱ्याने जमीन रेटत धावायचं आणि वेग आला की टांग मारायची. थांबण्यासाठी त्यांनी रस्ताच पाठ केला. कुठल्या सिग्नलचा खांब हाताशी येतो, कुठलं मेपलचं झाड कडेला आहे, सगळं पक्कं. ऑफिसच्या दाराशी मात्र धरायला काहीच नव्हतं, म्हणून रोज सकाळी मी कॉफीचा कप घेऊन तिथे उभा राहायचो. काका डुलत यायचे, माझ्या खांद्यावर हात टेकायचे आणि उतरायचे. "झालं. पोचलो लेका," एवढंच म्हणायचे. बॅगा पुन्हा पलंगाखाली गेल्या. दूध काका स्वतः आणायला लागले. बर्फ पडला की मात्र माझी गाडी आणि तो नसलेला ब्रेक.

मी एकदा विचारलं, "काका, गाडीला घाबरता आणि या धुडाला नाही?"

"गाडीत बसलं की थांबेल की नाही ही धाकधूक. हिच्यावर थांबता येत नाही हे आधीच माहीत आहे. मग भीती कसली?"

अशी सहा-सात वर्षं गेली. मग दोन हजार आठचं ते वाईट वर्ष आलं. गाड्या खपेनात, ऑफिसमधली टेबलं रिकामी होऊ लागली आणि एके दिवशी काकांचंही नाव आलं. नोकरी गेली की व्हिसा गेला. या वेळी बॅगा भरल्याच. सायकल काकांनी विकली नाही, माझ्या दारात आणून उभी केली. मी सहा फुटी. बसलो तर दोन्ही पाय अलगद जमिनीला टेकले. काका लांबून बघत म्हणाले, "बघ, साइज बरोबरच होती. चालवणारा चुकला होता."

विमानतळावर मीच सोडायला गेलो. बर्फ भुरभुरत होता. शेजारी बसलेल्या काकांचा पाय त्या दिवशी एकदाही हलला नाही. ते नुसते बाहेर बघत होते. आत जाण्याआधी काकूंनी माझ्या हातात डब्याची पिशवी दिली. काकांनी माझ्या खांद्यावर हात टेकला, रोज सकाळी टेकायचे तसाच, सगळा भार टाकून. 

ते आत गेल्यावर मी गाडीत येऊन बसलो आणि रडलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की काकांना माझा आधार आहे. या देशात रोज सकाळी मला मायेने हात लावणारं दुसरं कुणीच नव्हतं, हे त्या पार्किंगमध्ये कळलं.