सरांना दहा संदर्भ लागायचे

ग्रंथालयात बोलायला बंदी, त्यामुळे तिथे घडलेलं सगळं पोटात साचत जातं! ऐंशी-नव्वदच्या दशकात मी ठाण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. तेव्हा कॉम्प्युटर कुठला? लाकडी खणांत विषयवार कार्डं, कपाटात संशोधनलेखांच्या सारांशांचे जाडजूड खंड आणि टेबलाशी मी. मानसशास्त्राची मुलं प्रोजेक्टसाठी आली की माझा एकच हट्ट असायचा. आधी तुमचा प्रश्न एका ओळीत लिहा, मग खणाला हात लावा. पण ऐकतंय कोण!

एकजण आला आणि म्हणाला, "मॅडम, मनावर जे काही असेल ते सगळं द्या."

म्हटलं, "टेम्पो आणलायस का?"

"नाही, पण मित्राची स्कूटर आहे!"

मोहितेची तऱ्हा निराळी. तो 'ए'च्या खणापासून एकेक कार्ड वाचत बसायचा. विषय विचारला तर म्हणे, "तोच शोधतोय मॅडम. आवडला की थांबणार."

गणपती गेले, दिवाळी आली, गडी अजून 'सी'वरच! "अरे, विषय बघतोयस की बायको?" असंही मी विचारून पाहिलं. शेवटी 'डी'मध्ये त्याला 'डिसिजन' सापडलं आणि निर्णय घेता न येणाऱ्या माणसांवर त्याने प्रोजेक्ट केला. झकास झाला हो!

कदम सकाळी वागळे इस्टेटमध्ये मशीनवर काम करून दुपारी यायचा. विषय होता कामगारांचा थकवा. एकदा बघते तर सारांशाच्या खंडावर डोकं ठेवून स्वारी घोरतेय. खांदा हलवला तर डोळे न उघडता म्हणतो, "निरीक्षण चालू आहे मॅडम."

पण खरी गोष्ट वैशालीची. बाळकुमच्या कोळ्यांची मुलगी, घरातली पहिली एम.ए.ला आलेली. नवरा होडी घेऊन खाडीत गेला की बाई घरी वाट कशी बघते, हा तिचा विषय. तिच्या प्रोजेक्टचे सर एकदम कडक. प्रत्येक संदर्भ स्वतः तपासणारे. त्यांनी बजावलं, "शनिवारपर्यंत दहा संदर्भ आण. नाहीतर हा विषय रद्द, 'परीक्षेचा ताण' हा विषय घे."

चार दिवस ती 'कोळी' आणि 'मच्छिमार' शोधत होती. हाती भोपळा! डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मॅडम, अख्ख्या वर्गाने परीक्षेचा ताणच घेतलाय. आमच्या घरातलं कुणालाच विचारावंसं वाटलं नसेल का हो?"

मलाही गलबलून आलं. पण रडून कार्डं सापडत नाहीत. म्हटलं, "कोळी सोड. वाट आणखी कोण बघतं ते सांग."

ती विचार करत म्हणाली, "सैनिकाची बायको... खाणकामगाराची..."

"बोटीवर जाणाऱ्याची! लिही. आता 'वाट बघणं' याला आणखी शब्द काय? काळजी, विरह, अनिश्चितता. तेही लिही!"

मग आम्ही दोघींनी खंड उपसले. शुक्रवारपर्यंत नऊ संदर्भ झाले. दहावा काही केल्या मिळेना.

शनिवारी तिने ग्रंथालयातच सरांसमोर संदर्भांची दहा कार्डं ठेवली. मी चकितच झाले. दहावं कार्डही अगदी पद्धतशीर लिहिलेलं. लेखक : आई. वर्ष : चालू. ठिकाण : बाळकुम नाका.

सरांनी चष्मा वर केला. "हा संदर्भ मला पडताळायला कुठे मिळेल?"

"नाक्यावर मासे विकायला बसते, सर. पण सकाळीच जा. दुपारी नाही मिळणार."

सर कार्ड खिशात घालून निघून गेले. वैशालीचा चेहरा पांढराफटक!

सोमवारी कार्ड परत आलं. मागे सरांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा होता : 'मूळ संदर्भ स्वतः तपासला. विश्वासार्ह. विषय मंजूर. मावशी भाव अजिबात कमी करत नाहीत.'