पात्यावरची रेघ

लहानपणी आमच्याकडे रविवार म्हणजे पत्रकांच्या घड्या घालणं. जर्मनीत हायडेलबर्गला शिकायला आले तरी हात स्वस्थ बसेनात. जवळच्या गावातल्या छोट्या संग्रहालयात क्रिस दिसली, दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो मुसलमानांची नागमोडी तलवार. खाली चिठ्ठीवर एवढंच: ‘एका खलाशाकडून भेट.’ भेट म्हणे. परतताना ट्रेनमध्येच मी पत्रक लिहिलं: ही वसाहतीच्या युद्धातली लूट आहे, परत करा. आमच्या विद्यार्थी गटाने ते छापून घेतलं. शनिवारी संग्रहालयाच्या दारात वाटायचं ठरलं.

पुरावा माझ्याकडे होता. जुन्या क्रिसचा मुठीजवळचा रुंद भाग वेगळा घडवून पात्यावर बसवत. पुढे, ती युद्धं संपल्यावर, सगळं एकसंध करून जोडाच्या जागी नुसती रेघ कोरू लागले. माझ्या फोटोत जोड स्पष्ट होता.

गुरुवारी र्युसेल्सहाइमला ताईकडे जेवायला गेले. भावोजी मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग तपासतात. त्यांनी फोटो मोठा केला.

“जोड कुठाय गं?”

“हा काय.”

“आल्झो, म्हणजे असं बघ, दोन तुकडे असते तर फट कडेपर्यंत गेली असती. ही रेघ कडेच्या आधीच दमलीय.”

“गंजाने बुजली असेल.”

“बाकी कुठे गंज दिसतोय का? तूच बघ.”

ताई म्हणाली, “अहो, तिला जेवू तरी द्या.”

मला जेवण गेलं नाही. तलवार बहुधा नंतरची होती, कुणा लोहाराने विकायलाच केलेली. आणि मला राग आला तो त्या लोहाराचा. ती लुटीचीच निघावी अशी माझी इच्छा होती, हे तेव्हा कळलं.

गटातल्या नागपूरच्या मित्राला फोन केला.

“लूट झालीच होती ना?” तो म्हणाला. “मग ही तलवार काय नि दुसरी काय. कोण बघतंय?”

“मोरो घरातलं कुणी आलं तर बघेल.”

“तू भावोजींना दाखवलंसच कशाला?”

शनिवारी सकाळी पत्रकांचा गठ्ठा रद्दी कागदाच्या निळ्या डब्यात टाकला आणि रिकाम्या हातांनी संग्रहालयात गेले. त्याच कपाटात मागे आणखी दोन क्रिस होत्या, बिनचिठ्ठीच्या. एकीची फट कडेपर्यंत गेल्यासारखी वाटली. काचेपासून लांब राहा, असं तिथल्या बाईंनी दोनदा बजावलं. कपाट उघडून बघायला तेर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ लागते, ती पुढच्या महिन्यातली मिळाली.

बाहेर मित्र ताटकळत होता. “पत्रकं?”

“फेकली.”

मी पुन्हा आत, मागच्या त्या दोन क्रिसकडे गेले.