निळी बोटं

बदलापूरला आमच्या कोपऱ्यावर शुभांगीच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्यावर नावाआधी ‘डॉ.’ होतं. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी प्रेमाने लावलेला, त्यांना काय बोलणार? पण रिक्षातून उतरून मी तिथेच उभी राहिले आणि तिचा आवाज अगदी कानाशी आला, “अगं, व्हायवा बाकी आहे माझी. उतरवायला सांग आधी ते.” भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला होता. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच ग्रुपवर आदल्या संध्याकाळी तिने माझ्या चकल्यांच्या फोटोची यथेच्छ टर उडवली होती...

अंबरनाथच्या शाळेत ती गणिताची, मी विज्ञानाची. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या वर्षानुवर्षं शेजारी होत्या. पन्नाशीला टेकल्यावर हिने गणित-शिक्षणात पीएच.डी. करायचं काढलं. आधी प्रवेश परीक्षा, मग कोर्सवर्क, मग संशोधनाचा आराखडा, तो समितीपुढे मांडायचा, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, शोधनिबंध छापून आणायचे, प्रबंधाआधी पुन्हा सादरीकरण आणि शेवटी व्हायवा. “इतक्या अटी तर लग्न ठरवताना विलासभावोजींच्या आईने पण घातल्या नसतील,” असं मी चिडवायचे. ती हसायची. “त्यांची एकच अट होती, नोकरी सोडायची. ती मी मोडली. या सगळ्या मात्र पाळणार.”

विषय होता सहावीतले अपूर्णांकांचे भागाकार. आपण सगळे ‘दुसरा उलटा करा आणि गुणा’ म्हणत शिकलो, का उलटा करायचा ते कुणी विचारलं नाही. शुभांगी मुलांच्या हातात कापडाच्या पट्ट्या द्यायची. घड्या घाला, पाऊण पट्टीत अर्धपावाचे तुकडे किती बसतात ते बघा, नियम मागाहून. पट्ट्यांसाठी आम्ही दोघी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात गेलो होतो. तिथल्या सिंधी शेठने कतरनीचं पोतंच पुढे सरकवलं. “ले जाओ मॅडम, गुडिया बनाओगी क्या?” हिने तिथेच उभं राहून त्यांना अपूर्णांक समजावले, मी बाहेर रिक्षा धरून ताटकळत. कच्च्या निळीचं कापड ते, मुलांची बोटं निळी व्हायची. प्रार्थनेच्या रांगेत हात जोडले की सहावी अ ओळखू यायची.

अ, कारण पट्ट्या फक्त अ ला होत्या. प्रबंधाची ती मुख्य अट. एका वर्गाला नव्या पद्धतीने शिकवायचं, दुसऱ्याला नेहमीसारखं, शेवटी दोघांची एकच चाचणी घेऊन फरक दाखवायचा. त्या दुसऱ्या वर्गाला नियंत्रित गट म्हणतात. तो गट म्हणजे सहावी ब, आणि त्यातली एक मुलगी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. “बाई, आमाला नाय देनार का पट्ट्या? आमी काय केलं?” झालं. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ब चाही वर्ग भरायला लागला. चाचणीत दोन्ही वर्गांना सारखेच गुण. सादरीकरणात हिने सगळं खरं सांगितलं. तिचे गाईड भला माणूस, कपाळावर हात मारून म्हणाले, “मॅडम, दोघांनाही औषध दिलंत. आता औषधाचा गुण कशावरून दाखवणार?” त्यांचं चुकलं नव्हतं. प्रयोग पहिल्यापासून करायचा ठरला.

या वर्षी तिने मन घट्ट केलं. ब मध्ये जायची, फळ्यावर नियम लिहायची, मुलांकडे पाठ करून उभी राहायची. एकदा तासावरून आली, डबा उघडला आणि तसाच मिटला. “आज मी मुद्दाम वाईट शिकवून आले.”

“वाईट काय? नेहमीसारखं शिकवलंस.”

“तेच तर,” ती म्हणाली.

ब ला तिने सांगून ठेवलं होतं, सगळ्या चाचण्या झाल्या की तुमची पाळी. दिवाळीच्या आधी एक झाली. शिकवलेलं किती टिकलं ते बघायला सुट्टीनंतर दुसरी राहिली होती... आणि शुभांगी सुट्टीतच गेली.

तेराव्याला गाईड सर आले होते. विलासभावोजींना म्हणाले, शेवटची चाचणी ठरल्याप्रमाणे झाली तर मरणोत्तर पदवीसाठी खटपट करता येईल, खात्री देत नाही. ब ला तोवर कुणीही पट्ट्या द्यायच्या नाहीत. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. इतकंच म्हणाले, “‘डॉ.’ लिहिलेला तो फ्लेक्स मी उतरवलेला नाही.” तिचे तास माझ्याकडे आले होते, त्यामुळे पुढचं माझ्यावर होतं.

मला शुभांगीचा राग येतो, खरंच येतो. शब्द देऊन गेली आणि पोरांना पट्ट्या आत्ताच द्यायच्या की तिची पदवी राखायची, हे माझ्या गळ्यात टाकून गेली. चाचणीपर्यंतच्या चार आठवड्यांनी काय बिघडतं, असं मी मनाला समजावते. पण ज्या बाईंनी शब्द दिला त्याच राहिल्या नाहीत, मग त्या पोरांनी कुणाच्या भरवशावर थांबायचं? ती असती तर काय केलं असतं, हे मला अजून ठरवता येत नाही. एकदा तिने हे केलं होतं आणि एकदा ते.

तिचं कपाट आता माझ्याकडे आहे. ब साठी कापून, प्रत्येकाच्या वेगळ्या जुड्या बांधून ठेवलेल्या पट्ट्यांची पिशवी त्यात आहे. तासाला जायच्या आधी मी ती उघडते, एखादी पट्टी घडी घालून बघते, परत ठेवते. मग वर्गात जाऊन फळ्यावर लिहिते, दुसरा उलटा करा आणि गुणा. चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. काल मी लिहीत असताना पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, तुमची पन बोटं निळी झाली.” मी हात पदराखाली घेतला.

“मग आमची कधी?” तिने विचारलं.

मी फळ्याकडे वळले आणि पुढचं उदाहरण लिहायला घेतलं.